‘५क्ष + ३ = ८क्ष’ लिहिणाऱ्या मुलीला बीजगणित कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बारा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तुम्ही पुणं सोडून गुहागरजवळ राहायला आलात, तेव्हापासून तिचं शिक्षण घरीच. तोंडी हिशेब चोख, इतका की राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणाचं बिल ती कॅल्क्युलेटरशिवाय करते. पण ‘सरळ रूप द्या’ म्हटलं की अडते. तिच्या वहीतल्या चार ओळी तुम्ही दिल्या आहेत:

५क्ष + ३ = ८क्ष
३(क्ष + ४) = ३क्ष + ४
७क्ष − (२क्ष − ५) = ५क्ष − ५
क्ष + क्ष = क्ष²

आणि विचारलंय की नियम पाठ करून घ्यावेत का, रोज किती गणितं द्यावीत, की ऑनलाइन क्लास लावून मोकळं व्हावं. शेवटी तिचा स्वतःचा एक प्रश्न आहे: ‘सरळ रूप झालं, आता थांबायचं, हे कळायचं कसं?’ मला तोच सगळ्यांत आवडला. त्याकडे शेवटी येते. (तिच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतील. मी क्ष आणि य लिहिते, जुनी सवय.)

राजापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी ३१ वर्षं गणित शिकवलं. आता संध्याकाळी आमच्या पडवीत चार-पाच मुलं येऊन बसतात, त्यांतली दोन तुमच्या मुलीसारखी घरीच शिकणारी. पुढचं सगळं या मुलांकडून आणि माझ्या स्वतःच्या चुकांमधून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे या चार ओळी चार वेगळ्या दुखण्यांच्या आहेत, एका काढ्याने चारही बरी होणार नाहीत. पहिलीत तिला ‘+’ चिन्ह उत्तरात उरलेलं बघवत नाही. दुसरीत कंस म्हणजे काय हे कळलेलं नाही. तिसरीत गडबड ऋण चिन्हाची आहे, म्हणजे खरं तर बीजगणिताच्या आधीची. चौथीत बेरीज आणि गुणाकार यांची सरमिसळ झाली आहे. पण चारही दुखण्यांच्या मुळाशी एक गैरसमज आहे. ‘सरळ रूप द्या’ हे शब्द तिने ‘लहान कर’ असे ऐकले, आणि तिने लहान करून दाखवलं. त्या शब्दांचा खरा अर्थ ‘किंमत तीच ठेव, फक्त रूप बदल’ असा आहे. किंमत तीच राहिली की नाही, हे तपासायचं हत्यार तिच्या हातात कुणी दिलेलंच नाही. ते दिलंत की अर्धं काम होतं, आणि तुम्हाला स्वतःला बीजगणित आठवत नसलं तरी चालतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. मी मुलीला पाहिलेलं नाही. त्यामुळे आधी एक छोटी तपासणी करा. कागदावर चार गणितं द्या: ३ − ८, −४ − ६, ५ − (−२) आणि (−३) × (−२). उत्तरं −५, −१०, ७ आणि ६. यांत दोन किंवा जास्त चुकली तर बीजगणित दोन आठवडे मिटून ठेवा आणि पूर्णांक संख्या घोटून घ्या. मग पाचवा प्रश्न: क्ष = २ असेल तर ५क्ष किती? तिने ५२ म्हटलं तर हसू नका. बरीच हुशार मुलं असं म्हणतात, कारण अंकगणितात अंक शेजारी लिहिले की दशक-एकक होतात. ५क्ष म्हणजे ‘पाच वेळा क्ष’, मधलं गुणिले चिन्ह आळसाने गाळलेलं आहे, हे तिला सांगितलेलं नसतं. तसं असेल तर महिनाभर तिला ५ × क्ष असंच लिहू द्या. काही बिघडत नाही.

बारा वर्षं म्हणजे उशीर झाला, ही चिंताही नको. राज्य मंडळाच्या सातवीच्या पुस्तकात बैजिक राशी (५क्ष + ३ सारख्या, अक्षरं आणि संख्या मिळून झालेल्या) येतात, म्हणजे शाळेतली मुलंही साधारण याच वयात तिथे पोचतात.

आता माझ्या चुकीची गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीची कितीतरी वर्षं मी सजातीय पदं (३क्ष आणि ५क्ष सारखी, एकाच जातीची, एकमेकांत मिळवता येणारी) अशी शिकवायचे: ‘अ म्हणजे अननस, ब म्हणजे बांगडा. तीन अननस आणि दोन बांगडे एकत्र होतील का? नाही! म्हणून ३अ + २ब तसंच ठेवायचं.’ मुलं खूश, मी खूश. एक वर्ष मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ‘बाई, मग अब म्हणजे काय? अननस गुणिले बांगडा?’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘अननस घातलेलं कालवण!’ वर्ग हसला, मीही हसले, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारण दोष माझ्या दाखल्यातच होता. अक्षर ही वस्तू नसते, ती संख्या असते. अननसाला बांगड्याने गुणता येत नाही. अननसांच्या संख्येला बांगड्यांच्या किमतीने गुणता येतं (करायचं असेल तर). या प्रकाराला इंग्रजीत थट्टेने ‘फ्रूट सॅलड’ बीजगणित म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. व्हिडिओंमध्ये तो अजून सर्रास दिसतो. तुमच्या मुलीला ‘सफरचंदं आणि केळी’ दाखवून कुणी शिकवलं असेल, तर ते हळूहळू पुसून काढा.

मग अक्षर संख्या आहे हे कसं पटवायचं? आपल्याकडे ही सोय बोलीतच आहे. डझन ही वस्तू नाही, संख्या आहे: १२. कोडी म्हणजे २०. शेकडा म्हणजे १००. नारळ शेकड्यावर विकतात, आंबे डझनावर. आता तिला विचारा: पाच डझन आणि वर तीन आंबे म्हणजे आठ डझन का? ती तुमच्याकडे ‘आई, बरी आहेस ना’ अशा नजरेने बघेल. तेच लिहून काढा. पाच डझन तीन म्हणजे ६३, पाच कोडी तीन म्हणजे १०३, पाच शेकडा तीन म्हणजे ५०३. तीनही वेळा बोलण्याचा साचा एकच आहे: पाच ‘काहीतरी’ आणि वर तीन. त्या काहीतरीला क्ष म्हटलं की ५क्ष + ३. आठ डझन मात्र ९६, आठ कोडी १६०, आठ शेकडा ८००. क्ष म्हणजे असा डझन, ज्याचा आकडा आपल्याला अजून सांगितलेला नाही. ही कल्पना बसायला एक दुपार पुरते.

यानंतर आंब्याची पेटी. पेटी चार डझनांची असते, पाचाची असते, फळ लहान असेल तर त्याहून जास्त. पेटी बंद आहे, सगळ्या पेट्या सारख्या भरलेल्या आहेत, आणि एकीत किती फळं आहेत ते माहीत नाही. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ‘क्ष म्हणजे पेटी’ असं म्हणू नका, ‘क्ष म्हणजे एका पेटीतल्या आंब्यांची संख्या’ असं पूर्ण म्हणा, आणि तिलाही तसंच म्हणायला लावा. हे किचकट वाटेल, पण अननस-बांगड्याचं भूत याच फटीतून परत शिरतं.

‘+ उत्तरात उरलेला चालतो का?’ या शंकेवर मी मुलांना भास्कराचार्यांची लेखनपद्धत दाखवते. बाराव्या शतकातल्या त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात राशीला यावत्तावत् म्हटलं आहे, म्हणजे ‘जितकं असेल तितकं’. दुसरं अज्ञात आलं तर कालक, मग नीलक, पीतक, लोहितक, अशी रंगांची नावं. लिहिताना फक्त पहिलं अक्षर. माहीत असलेल्या संख्येला रूप म्हणायचं, तिचं ‘रू’. आपली ५क्ष + ३ ही राशी तिथे ‘या ५ रू ३’ अशी लिहिली जाते. मध्ये बेरजेचं चिन्ह नाही! दोन पदं शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने बसली आहेत. नियमही तिथेच आहे: एका जातीची पदं एकमेकांत मिळवा किंवा वजा करा, वेगळ्या जातीची वेगळी ठेवा. आपला ‘सजातीय पदे’ हा शब्द त्याच घराण्यातला. पडवीतल्या मुलांना हे रंगांचं प्रकरण फार आवडतं. एकीने आठवडाभर सगळी गणितं ‘या’, ‘का’, ‘नी’ वापरूनच सोडवली, आणि ‘+’ उरल्याची तिची तक्रार त्या आठवड्यात संपली.

आता ते हत्यार. प्रत्येक सरळ रूपानंतर तिने क्षच्या जागी एक संख्या ठेवायची, आधीच्या राशीची आणि नंतरच्या राशीची किंमत काढायची, आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं. जुळली नाहीत तर उत्तर शंभर टक्के चूक. पुस्तकाच्या मागची उत्तरं बघायला नकोत, आईला विचारायला नको. घरी शिकणाऱ्या मुलाला तर हे फारच मोलाचं, कारण शेजारच्या बाकावरची वही तिला उपलब्ध नाही.

फक्त कोणती संख्या ठेवायची यात मेख आहे. एकदा फळ्यावर ५क्ष + ३ = ८क्ष हे चूक आहे असं दाखवायला मी सोपी म्हणून क्ष = १ घेतली. डावीकडे ८, उजवीकडे ८. वर्ग शांत. मागच्या रांगेतून हळूच, ‘बाई, बरोबर आलं की!’ तसंच क्ष + क्ष आणि क्ष² यांचं. ० ठेवा, दोन्ही ०. २ ठेवा, दोन्ही ४. म्हणून ०, १ आणि २ या तीन संख्यांना तपासणीत बंदी. मी १० पासून सुरुवात करायला सांगते. तुमच्या चारही ओळी १० ठेवून बघा:

५क्ष + ३ म्हणजे ५३, पण ८क्ष म्हणजे ८०.
३(क्ष + ४) म्हणजे ४२, पण ३क्ष + ४ म्हणजे ३४.
७क्ष − (२क्ष − ५) म्हणजे ७० − १५ = ५५, पण ५क्ष − ५ म्हणजे ४५.
क्ष + क्ष म्हणजे २०, पण क्ष² म्हणजे १००.

१० चा आणखी एक फायदा आहे. ५क्ष + ३ ही राशी ५३ झाली, म्हणजे पाच दशक तीन एकक. ५३ ला ८० कुणी म्हणत नाही, दशकात एकक मिसळत नाही. म्हणजे दुसरीच्या वर्गापासून ती सजातीय पदंच वेगळी ठेवत आली आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. १० नंतर ७ ठेवू दे, आणि पूर्णांक पक्के झाले की −३.

जुळलं म्हणजे सिद्ध झालं का? एकदा जुळण्याने नाही, वरच्या १ आणि २ च्या फजितीत तेच दिसलं. मोठी झाल्यावर तिला सांगायला एक गंमत ठेवून द्या: एकच अक्षर असेल आणि वर्ग, घन काही नसेल, तर दोन वेगळ्या किमतींना जुळलेलं कायम जुळतं. वर्ग असेल तर तीन किमती लागतात. २क्ष आणि क्ष² दोन ठिकाणी जुळतात आणि तिसऱ्या ठिकाणी फुटतात, ते म्हणूनच.

कंसाकडे येऊ. ३(क्ष + ४) साठी तीन गिऱ्हाइकं कल्पा. प्रत्येकाने एक पेटी घेतली आणि तुम्ही प्रत्येकाला वर चार आंबे दिलेत. एकूण तीन पेट्या आणि १२ सुटे, म्हणजे ३क्ष + १२. तिने ३क्ष + ४ लिहिलं तर वरचे चार फक्त पहिल्याला मिळाले, बाकीचे दोघे भांडायला येतील. माझ्या अनुभवात ही भांडणारी गिऱ्हाइकं ‘वितरण गुणधर्म’ या शब्दापेक्षा जास्त लक्षात राहतात. शब्द नंतर सांगा, तोही हवाच, परीक्षेत तोच येणार.

ऋण चिन्हाचा कंस मात्र जास्त वेळ मागतो, तिथे घाई करू नका. ७क्ष − (२क्ष − ५): तुमच्याकडे सात पेट्या आहेत. एकजण दोन पेट्या न्यायला आला, पण न्यायच्या आधी त्यातले पाच आंबे डागी म्हणून काढून तुमच्या सुपात ठेवून गेला. तुमच्याकडे काय राहिलं? पाच पेट्या आणि सुपातले पाच आंबे. ५क्ष + ५. हे खरोखर करून बघा. पेट्या नकोत, काड्यापेट्या आणि काजूच्या बिया चालतील. आधी तिला भाकीत करू द्या, मग मोजू द्या. काढून नेणाऱ्याने जेवढं कमी नेलं तेवढं आपल्याकडे जास्त राहिलं, हे एकदा हाताने कळलं की ‘कंसाआधी वजा असेल तर आतली चिन्हं बदलतात’ हा नियम ती स्वतः सांगेल. तो तिच्या तोंडून येईपर्यंत तुम्ही सांगू नका, जीभ आवरायला कठीण जातं तरीही.

मराठी मुलांना इथे भाषेची मदत आहे, ती वाया घालवू नका. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. हे शब्द गणितात याच अर्थाने आले. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मधल्या ग्रंथात धन-ऋणाचे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराचे नियम दिले आहेत. ‘माझं पाच रुपयांचं कर्ज कुणीतरी रद्द केलं’ म्हणजे मी पाच रुपयांनी वर आले, हे मुलांना आपोआप कळतं. ५ − (−२) हे तेच आहे. भरती-ओहोटीचा दाखला, जेटीच्या पायऱ्या मोजून, शून्याच्या खाली जाणं शिकवायला उत्तम. पण वजा-वजा समजावताना तो गळपटतो. तिथे कर्जच घ्या.

याच जागी आणखी एक खड्डा आहे, आणि तो आपण मोठ्यांनी खणलेला. ‘कंचेभागुबेव’. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आपण सगळे हे घोकून मोठे झालो. पण मुलं त्यातून असं शिकतात की बेरीज नेहमी वजाबाकीच्या आधी करायची. मग १०क्ष − ३क्ष + २क्ष मध्ये आधी ३क्ष + २क्ष = ५क्ष करतात आणि उत्तर ५क्ष लिहितात. बरोबर उत्तर ९क्ष. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या, डावीकडून उजवीकडे जायचं, भागाकार-गुणाकाराचंही तसंच. यावर माझा उपाय साधा आहे. प्रत्येक पदाभोवती त्याच्या आधीच्या चिन्हासकट रंगीत पेन्सिलीने गोल काढायचा. चिन्ह हे पदाचं आडनाव, ते सोडून पद कुठे जात नाही. गोल काढल्यावर पदं हवी तशी पुढेमागे हलवा, चूक होत नाही. क्षची पदं निळी, यची लाल, नुसत्या संख्या बिनरंगी. पुन्हा भास्कराचार्यांचे रंग, बघा.

चौथी ओळ, क्ष + क्ष आणि क्ष². यासाठी आकृतीसारखं काही नाही. क्ष लांबीच्या दोन काठ्या टोकाला टोक लावून ठेवल्या की २क्ष, ही लांबी झाली. बाजू क्ष असलेलं चौकोनी खळं केलं की क्ष², हे क्षेत्रफळ. खळं सारवता येतं, काठी सारवता येत नाही. हसण्यावारी नेऊ नका, या वाक्याने माझ्याकडची तीन मुलं सुधारली. यातूनच क्ष आणि क्ष² ही सजातीय पदं का नाहीत तेही सुटतं.

आणि तुमचं घर जुन्या बांधणीचं असेल तर पुढचा धडा घरातच उभा आहे. क्ष फूट बाजूची चौरस खोली घ्या. एका अंगाला तीन फुटांची पडवी काढली, दुसऱ्या अंगाला दोन फुटांची, आणि कोपराही भरून घेतला. सगळी जमीन (क्ष + ३)(क्ष + २). वरून पाहिलं तर चार तुकडे: खोली क्ष², एक पडवी ३क्ष, दुसरी २क्ष, कोपरा ६. एकूण क्ष² + ५क्ष + ६. क्ष = १० ठेवा: १३ × १२ = १५६, आणि १०० + ५० + ६ = १५६. मुलं इथे हमखास क्ष² + ६ लिहितात, म्हणजे दोन्ही पडव्या वाऱ्याने उडाल्या आणि कोपरा तेवढा हवेत राहिला. तुमच्या मुलीला हे आज लागणार नाही, पण चौकटीच्या वहीत चित्र काढून ठेवायला हरकत नाही. अपूर्णांकातली काटाकाटी मात्र सध्या लांब ठेवा. (३क्ष + ६) ÷ ३ मध्ये एकटे तीन उडवून क्ष + ६ लिहिण्याचा मोह मोठमोठ्यांना होतो.

वहीबद्दल एक. तोंडी हिशेबात पटाईत मुलं ‘३ + ४ = ७ × २ = १४’ अशी साखळी लिहितात. हिशेब बरोबर, लिहिणं खोटं, कारण ३ + ४ म्हणजे १४ नाही. अंकगणितात हे खपून जातं, बीजगणितात अंगाशी येतं. एका ओळीत एकच ‘=’, आणि पुढची पायरी खालच्या ओळीत, हा नियम मी मोडू देत नाही. दुसरं, सरळ रूप आणि समीकरण वेगळे ठेवा. ५क्ष + ५ आल्यावर मुलं सवयीने ‘= ०’ जोडून क्ष = −१ काढून मोकळी होतात. कुणी सांगितलं होतं? राशीत क्ष शोधायचा नसतो, तो काहीही असू शकतो.

आता तुमचे थेट प्रश्न. नियम पाठ करून घ्यावेत का? शेवटी पाठ झालेच पाहिजेत, नाहीतर प्रत्येक वेळी आंबे मोजत बसावं लागेल. पण आधी हाताने, मग चित्राने, मग तिच्या शब्दांत नियम, आणि त्यानंतर पाठांतर. हा क्रम उलटा झालेली मुलं मी शाळेत शेकड्यांनी पाहिली. त्यांना नियम आठवतो, पण कोणत्या गणिताला कोणता ते आठवत नाही.

रोज किती? सहा ते आठ. चाळीस नको. शिवाय सगळी एकाच छापाची नकोत. मी असं करते: तीन गणितं पुस्तकातली; दोन मी आधीच सोडवून ठेवलेली, त्यांतलं एक मुद्दाम चुकवलेलं, ते तिने शोधून का चुकलं ते सांगायचं; आणि एक उलटं. उलटं म्हणजे मी उत्तर देते, समजा ६क्ष + ४, आणि तिने त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या तीन लांबलचक राशी तयार करायच्या. कुणी ४क्ष + २क्ष + ४ करतं, कुणी २(३क्ष + २), एका पठ्ठ्याने १०क्ष − (४क्ष − ४) केलं तेव्हा मी त्याला खोबऱ्याची वडी दिली. या उलट्या गणितांत मुलं जितकं शिकतात तितकं सरळ वीस गणितांत शिकत नाहीत. तिने तयार केलेली राशी तुम्ही सोडवा, आणि कधीकधी चुका. खरोखर चुकलात तर आणखी चांगलं, तिला १० ठेवून तुमची चूक पकडू द्या.

कंटाळा आला की हा खेळ: मनात एक संख्या धर, दुप्पट कर, आठ मिळव, निम्मं कर, धरलेली संख्या वजा कर. उत्तर चार. नेहमी चार. का? क्ष धर, २क्ष, २क्ष + ८, क्ष + ४, आणि क्ष काढला की ४. सरळ रूप कशासाठी शिकायचं याचं इतकं चटकन उत्तर दुसरीकडे नाही. पाहुण्यांवर प्रयोग करायला तिला आवडेल, आणि स्वतःचा नवा खेळ रचायला तर जास्तच.

क्लास लावावा का? माझं मत, निदान सध्या नको. पावसात वीज आणि रेंज यांचा काय भरवसा असतो ते आता तुम्हालाही ठाऊक झालं असेल, पण कारण ते नाही. एका वेळी पन्नास मुलांना शिकवणाऱ्याला तुमच्या मुलीची ओळ क्रमांक तीन दिसणार नाही. तुम्हाला ती दिसली, तुम्ही ती टिपून पाठवलीत. दोन महिन्यांनी हे सगळं करूनही चिन्हांची गडबड तशीच राहिली, किंवा वही काढली की तिचा चेहरा उतरू लागला, तर मात्र जवळपासच्या एखाद्या गणिताच्या शिक्षकांकडे आठवड्यातून एकदा समोर बसवा. पुस्तक बालभारतीचंच घ्या, ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. पुढे सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा) भरून दहावीला बसवायचं असेल तर तीच भाषा, तेच शब्द तिच्या कानावर असलेले बरे. मुक्त विद्यालयातून बसवणार असाल तर त्यांचा अभ्यासक्रम आधी नजरेखालून घाला.

आणि तिचा प्रश्न: थांबायचं कधी? सध्यापुरतं उत्तर असं. कंस उरला नाही, आणि एका जातीची दोन पदं कुठे सुटी राहिली नाहीत, की थांब. ५क्ष + ५ मध्ये मिळवण्यासारखं काही उरलं नाही, झालं. पण ती विचारेलच (असं विचारणारी मुलगी पुढचंही विचारते) की ५(क्ष + १) जास्त सुटसुटीत नाही का? तेव्हा तिला खरं सांगा. दोन्हींची किंमत एकच आहे, कुठलं रूप ‘सरळ’ हे पुढे काय करायचंय त्यावर ठरतं. क्ष² + ५क्ष + ६ घेऊन पुन्हा (क्ष + ३)(क्ष + २) कडे जायला तिला पुढच्या पुस्तकात सांगणारच आहेत, त्याला अवयव पाडणं म्हणतात. तिथे खोली, दोन पडव्या आणि कोपरा दिलेला असेल, आणि घराच्या बाजू तिने शोधायच्या असतील. चौकटीच्या वहीतलं ते चित्र म्हणूनच जपून ठेवायला सांगितलं.